तांदळातलं नाव

खिडकीतून नाव पुकारलं आणि मी उठले नाही. "सगुणा महिपत मांडवकर." आवाज शिपायाचा, कागद दामले कारकुनांच्या हातात. दोघेही मला ओळखतात. गेल्या गणपतीपासून मी ह्या कचेरीच्या बाकावर इतक्या वेळा येऊन बसले आहे की मधल्या फळीचा खिळा कुठे वर आलाय ते न बघता सांगेन, आणि नवीन माणूस आला की त्याला जरा सरकून बसायलाही सांगते. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. शेजारी एक म्हातारे बसले होते, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत बहुतेक जमिनीचे कागद. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे, ही कोण सगुणा आणि कुठे राहिली म्हणून. मीही दाराकडे पाहिलं. उठायचं नाही असं मी काही ठरवून आले नव्हते. मिरजोळ्याहून बसने येताना तर पुकारा कधी होतो म्हणून जीव टांगणीला लागला होता. काजूच्या कारखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा, तीही मुकादमाची बोलणी खाऊन घेतलेली. पण पुकारा झाला आणि पाय जागचे हलेनात. पायांना काही झालं नव्हतं. बसल्या बसल्या मला नुसतं कळलं की मी उठत नाहीये, आणि कळल्यावर फार बरं वाटलं.

"अहो बाई, तुम्हांलाच," दामले चष्म्यावरून बघत म्हणाले. बाई म्हटल्यावर मी उठले. बाई मी आहेच.

दामल्यांचं नाव टेबलावरच्या पाटीवर आहे, गोपाळकृष्ण, सबंध लिहिलेलं. एवढं लांबलचक नाव ह्या माणसाने पाळण्यातून शाळेत, शाळेतून लग्नात आणि लग्नातून कचेरीत जसंच्या तसं आणलं, वाटेत एक अक्षर सांडलं नाही, हे मला दर वेळी नवल वाटतं. त्यांनी माझ्यापुढे कागद धरला नाही, स्वतःच वाचायला घेतला. अर्जदारास फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असल्याने, व अशा इसमाने नाव बदलल्यास पूर्वीची ओळख लपवली जाण्याचा संभव असल्याने, नावबदलाची जाहिरात राजपत्रात देण्यास परवानगी देता येत नाही, सबब अर्ज नामंजूर. वाचताना त्यांचा आवाज जरा उतरला होता. वाईट वाटत असावं, आणि ते खोटं नव्हतं. "मी तुम्हांला तेव्हाच म्हटलं होतं," ते म्हणाले. "शिक्षा झाली आहे काय, ह्या रकान्यात तुम्ही 'होय' लिहून ठेवलंत. वर कलमसुद्धा. 'नाही' लिहिलं असतंत तर कोण बघायला जाणार होतं? एव्हाना छापून आलं असतं."

"झाली ना पण शिक्षा."

"झाली हो. म्हणून काय स्वतःच्या हाताने लिहायची?"

मग कुणाच्या हाताने लिहायची, हे मला विचारायचं होतं. पण खिडकीच्या गजांना नुकता हिरवा रंग दिलेला होता, त्याचा वास डोक्यात भिनत होता, आणि नामंजूर ह्या शब्दाने मला जेवढं लागायला हवं होतं तेवढं लागत नव्हतं. राग होता. तो माझ्या ओळखीचा आहे, बरीच वर्षं आम्ही एकत्र राहिलो आहोत. तो आला की मला घाई होत नाही. हातापायांत एक प्रकारची स्वस्थता येते आणि जुन्या गोष्टी एकेक करून जवळ येऊन बसतात.

नाव बदललं त्या दिवशी मला कुणी अर्ज करायला लावला नव्हता. ताटात तांदूळ पसरले होते, आमच्याच शेतातले, बापाने लग्नाला म्हणून राखलेले. महिपतला लिहायला येत नव्हतं. तो मुंबईला गिरणीत होता, पण शाळेची पायरी चढला नव्हता. तेव्हा भटजींनी त्याचं अंगठीवालं बोट धरलं आणि तांदळातून फिरवलं. मी सातवीपर्यंत शिकलेली. मुंडावळ्यांच्या आडून मी वाचलं. स, गु, णा. त्या मांडवात माझं नवीन नाव पहिल्यांदा वाचणारी मीच, आणि ज्याने ते लिहिलं त्याने रात्री मला विचारलं की काय गो लिवलं होतं. मी सांगितलं. चांगलं हाय, म्हणाला. सासूने तोवर ताट उचलून तांदूळ कणगीत ओतून टाकले होते. मी बघत होते. एक हिसका दिला आणि नाव कणगीत गेलं, दुसऱ्या दिवशी शिजलं, पंगतीला वाढलं गेलं, मीही दोन घास खाल्ले. इतक्या अल्लद लिहिलेलं नाव, पोरानं फुंकर घातली असती तरी पुसलं असतं. ते आता पुसत नाही म्हणतात. त्याला पोलीस लागतात, राजपत्र लागतं, आणि तेही पुरत नाहीत.

माझं चिमा हे नाव बापाने ठेवलं होतं, भागोजी रेवाळ्याने. ते त्याच्या आईचं नाव. मी जन्मले त्या वर्षी ती गेली. आमच्याकडे गेलेल्या माणसाचं नाव ठेवलेल्या पोराला त्या नावाने शिवी देत नाहीत, हात उगारत नाहीत. ते त्या माणसाला लागतं म्हणतात. त्यामुळे बाप माझ्यावर चिडला की माझ्याकडे न बघता बैलाला बोलायचा. रघूला, माझ्या धाकट्या भावाला, तो चोपून काढी आणि मला नुसतं "चिमाबाय, जरा बाजूला व्हा" म्हणे. पोरीला अहोजाहो. शेजारी हसायचे. मी त्या नावाच्या आत उबदार बसले होते. तांदळात सगुणा लिहिलं आणि मला पहिला तडाखा बसला तो महिन्याच्या आतच, सासूचा, चुलीतल्या लाकडाचा. लागलं त्यापेक्षा मला आश्चर्य जास्त वाटलं. मी उभी राहून विचार करत होते, हिला माहीत नाही का ही कुणाला मारतेय? तिला खरंच माहीत नव्हतं. ती सगुणाला मारत होती. सगुणा कुणाचीच आई नव्हती.

मांडवकरांचं गाव संगमेश्वरापासून वर, डोंगराच्या कुशीत. महिपत शिमग्याला आणि गणपतीला यायचा. तो वाईट नव्हता. तो नव्हताच, असं म्हणणं जास्त खरं. घरात सासू, मी, आणि पुढे दीर भिकाजीची बायको. दिराने मुंबईत कुठेतरी ऐकून तांदळात लीला लिहायला लावलं होतं. सोळा-सतरा वर्षांची, दात जरा पुढे, हसली की तोंडावर हात धरणारी. एकदा पऱ्यावर, डोंगरातल्या ओढ्यावर, कपडे धुताना तिने खाली मान घालून मला विचारलं, "वैनी, तुमचं म्हायेरचं नाव काय वो?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माजं गंगा." एवढंच. मग आम्ही दोघी पुन्हा कपडे आपटायला लागलो. सासरी माहेरचं नाव काढायचं नसतं, त्याने घराला बरं नसतं म्हणतात. पण पऱ्याला काय घर आहे? त्या दिवसापासून पाण्यात पाय गेले की मी चिमा आणि ती गंगा. "चिमा, तो पंचा दे गो." "गंगा, साबण वाहावला बघ." ह्यापलीकडे आम्ही काही बोलत नव्हतो. सुखदुःखाच्या गोष्टीसुद्धा फार नाही. नावंच पुरत होती. धुणं संपलं की बादल्या उचलायच्या, चढणीला लागायचं, आणि वरच्या आंब्यापाशी आलं की पुन्हा वैनी आणि लीला. कोणी ठरवलं नव्हतं, पण कितीतरी दिवस आंब्याच्या वर ती एकदाही चुकली नाही, मीही नाही.

"बाई, सही करायची आहे," दामले म्हणाले. "कागद मिळाला म्हणून." त्यांनी वही फिरवून माझ्यापुढे केली, टोपण काढून पेन ठेवलं. मी पेन उचललं नाही. म्हटलं, "दामलेसाहेब, ह्यात लिहिलंय की नाव बदलून मी ओळख लपवीन. मी लपवत कुठं आहे? मी तर सांगत्ये."

"तुम्ही सांगता हो. पण नियम तुम्हां एकटीसाठी नाही. उद्या एखादा दरोडेखोर येईल, म्हणेल मला गोविंद करा. करायचं काय आम्ही?"

"त्याला नका देऊ. तो नवं मागतोय. मी माझंच परत मागत्ये."

दामल्यांनी मान हलवली, होकाराचीही नव्हे आणि नकाराचीही नव्हे, कचेरीतली. त्यांच्या मागच्या खिडकीतून चिऱ्याची भिंत दिसत होती, तिच्यावर ऊन होतं, आणि त्या तांबड्या रंगाकडे बघता बघता माझ्या तळहाताला कोवळ्या फणसाचा, कुयरीचा, चीक लागल्यासारखं झालं. असं होतं मला. कारखान्यात दिवसभर काजू फोडते, त्याचा डीक कातडी खातो, बोटांची टोकं कधीच गुळगुळीत झाली आहेत, पण त्या चिकाची मला आठवण होत नाही. आठवण होते ती कुयरीच्या चिकाची, पांढऱ्या, चिकट, हाताला खोबरेल लावलं तरी न सुटणाऱ्या.

शिमगा होता. पालखी घरून जाऊन घटका झाली असेल. मी मागच्या पडवीत बसून फणसाची कुयरी चिरत होते, भाजीसाठी. महिपत पालखीबरोबर गेला होता. भिकाजीही आला होता मुंबईहून, दारू प्यायलेला होता. पालखीबरोबर गंगाच्या माहेरचा कुणी एक आला होता, तिच्या बापाच्या वयाचा, त्याने गर्दीतून हाक मारली, "गंगे, बरी हायस ना गो?" आणि ती म्हणाली, "बरी हाय, काका." त्यात काय होतं? आंब्याच्या वर पहिल्यांदाच ती चुकली एवढंच. पालखी वळली आणि भिकाजीने पुढचं दार लावलं. "कोन गंगा?" तो विचारत होता आणि मारत होता. "हितं कोन गंगा हाय? दाव मला." प्रत्येक फटक्याला तेच. ती म्हणत होती, "कोन नाय, कोन नाय, लीला हाय मी." सासू ओटीवर पालखीच्या मानाचा नारळ सोलत होती. मी उठले. कोयती मी घ्यायला गेले नव्हते, ती हातात होतीच. पण मी ती खाली ठेवलीही नाही, हे कुणी विचारलं तर मी आजही सांगते. त्याने कोपऱ्यातलं मुसळ उचललं, एक हात मागच्या दाराच्या चौकटीवर टेकलेला, तोल जात होता म्हणून. मी कोयती त्या चौकटीवर घातली. दोन बोटं गेली आणि तळहात अर्ध्यापर्यंत फाटला. त्याच वेळी गंगा ओरडली, "चिमा."

ती एकच हाक. त्या घरात माझं नाव एवढ्या मोठ्याने कधीच कुणी उच्चारलं नव्हतं. मला अजून कळलेलं नाही ती 'थांब' म्हणत होती की 'मार' म्हणत होती, की नुसतं, इतका वेळ मार खाता खाता जे नाव तोंडाशी आलं ते टाकलं. तुरुंगात मी ती हाक किती तऱ्हांनी म्हणून पाहिली. आवाज वर नेऊन, खाली आणून. थांब बसतं, मार पण बसतं.

शेजारच्या बाबल्याने ती हाक ऐकली होती आणि कोर्टात त्याने तसं सांगितलं. सरकारने मला दिलेले परशुराम वकील तेवढ्याने खूश झाले. हडकुळे, खोकणारे, मनाने चांगले. म्हणाले, "ऐका नीट. बाई ओरडली 'चिमा'. म्हणजे तिथे कोणी चिमा म्हणून बाई होती. ती कोण, पोलिसांना ठाऊक नाही. वार कोणी केला ह्यात संशय आला. संशयाचा फायदा तुम्हांला. तुम्ही फक्त तोंड उघडू नका." गंगाला पिंजऱ्यात उभं केलं. तिला घरच्यांनी पढवून आणलं होतं, नवी साडी नेसवून. सगुणावैनीनं मारलं, म्हणाली. परशुराम वकिलांनी विचारलं, "मग चिमा कोण?" तिने नव्या साडीचा पदर पुढे ओढला. पुन्हा विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ठावं नाय." मी गंगाला दोष देत नाही. थोडा देते. पण त्या 'ठावं नाय'ने मला जे वाटलं ते मार खाऊनही कधी वाटलं नव्हतं. सासरी मला ह्या नावाने ओळखणारी ती एकटी, आणि वकील तिच्याकडून वदवून घेत होते की चिमा नाहीच, की ती कुणीतरी पळून गेलेली बाई आहे. आणि मी गप्प बसले तर सुटणार होते. परशुराम वकील मला डोळ्यांनी दाबत होते. मी उभी राहिले. "चिमा मीच," मी म्हटलं. "मी मारलं."

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीश म्हणाले, आरोपीने खाली बसावं. मारलं ते त्यांनी लिहून घेतलं. चिमा लिहून घेतलं नाही. आरोपीचं नाव कागदात आहेच, म्हणाले, त्याचा इथे संबंध नाही. म्हणजे बघा, कबुली चिमाने दिली, कोयती चिमाने उचलली, आणि शिक्षा सगुणेला. ती बिचारी जन्मभर भाकऱ्या थापत होती, तिला तीन वर्षं. मला तिची कधी कधी कीव येते.

येरवड्याला बायका मला रत्नागिरी म्हणायच्या. "ए रत्नागिरी, तुज्या गावाला आंबा पिकला का?" हजेरीला नंबर. मला ते दिवस नावाच्या बाबतीत सोपे गेले, खरं सांगते. सुटले तेव्हा महिपतने सोडचिठ्ठीचा निरोप पाठवला होता. मी हो म्हटलं. आता सगुणा कुणाचीच उरली नाही, मला वाटलं, आता ती आपोआप गळून पडेल. कसली पडतेय. सुटकेच्या कागदावर तीच, कारखान्याच्या हजेरीवर तीच, रेशनावर तीच. कामावरच्या बायका हाक मारतात, सगुणाबाई, आणि मी ओ देते, आणि ओ देताना दर वेळी मला वरच्या आंब्यापाशी आल्यासारखं वाटतं. एकदा रविवारी आम्ही सगळ्या आरे-वारेला गेलो होतो. आम्ही वरच्या, डोंगरातल्या बायका, समुद्र सगळ्यांना नवाच. त्या चपला हातात घेऊन पाण्याशी खेळत होत्या. मी एकटी पाण्यात पोटऱ्यांपर्यंत उभी राहिले आणि मोठ्याने म्हटलं, चिमा. लाटांच्या आवाजात कुणाला काही ऐकू गेलं नाही. पण पाण्यात पाय होते. परत येताना ठरवलं, अर्ज करायचा.

शाळेचा दाखला मास्तरांनी दिला, त्यावर स्वच्छ लिहिलेलं, चिमा भागोजी रेवाळे. बाकीचं एका घरच्या माणसाने प्रतिज्ञेवर सांगायचं होतं की ती आणि ही एकच. बाप मेलेला. म्हणून रघूकडे गेले. त्याने मला ओटीवरच बसवलं, आत बोलावलं नाही. बायकोने पाणी आणलं, तेही त्याने खूण केल्यावर. मी काम सांगितलं. रघूने अडकित्ता उचलून सुपारी कातरायला घेतली. मग म्हणाला, "आक्का, तू तिकडची झालीस तवाच ह्या घरातनं तुजं नाव गेलं. आता तिकडनं शिक्षा घेऊन हितं येतंस? माज्या पोरीची सोयरीक बगतोय मी. रेवाळ्यांत अशी बाई हाय म्हनून कागदावर येयाला नुको."

"नाव तुझं नाय, रघू. माजं हाय."

"बापसाचं हाय."

"बापसानं मला दिल्यान. तुला मारायचा, मला अहोजाहो करायचा. इसरलास?"

तो हसला जरासा, त्याला आठवलं असावं. पण सुपारी कातरणं थांबलं नाही. "तेच सांगतोय," तो म्हणाला. "आजीचं नाव हाय ते. त्याला तुरुंगाचा डाग कशाला लावतंस?" ह्याचं उत्तर मला बसमध्ये सुचलं, नेहमीसारखं. आजी असती तर तिने कोयती खाली टाकली असती का, हे मला त्याला विचारायचं होतं. मी तिला पाहिली नाही. पण मला वाटतं, नसती टाकली. शेवटी मी रघूशिवायच अर्ज भरला, जिथे त्याची सही हवी होती ती जागा कोरी सोडून.

गंगा मला एकदाच दिसली, संगमेश्वरच्या एस्टी थांब्यावर. कडेवर पोर, शेजारी भिकाजी. भिकाजीने मला पाहिलं आणि उजवा हात सदऱ्याच्या खिशात घातला. त्या हाताची आता मूठ वळत नाही, हे मला बाबल्याकडून कळलं होतं. मी ते ऐकलं त्या रात्री गाढ झोपले. गंगा माझ्या अंगावरून गेली. पदर पुढे ओढलेला, मान खाली. आणि जाता जाता, ओठ न हलवता म्हणावं तसं म्हणाली, "चिमा." थांब्यावर एवढी माणसं, रस्त्यात पाणी नाही, पऱ्या नाही. कोर्टात नाही म्हणाली ते तिने तिथे फेडलं असं मी धरते. तिच्याकडून माझं काही येणं नाही.

"करताय ना सही?" दामले म्हणाले. मागे रांग वाढली होती, कुणीतरी खाकरलं. "हे बघा, तुम्ही वर अपील करू शकता, दिवस आहेत. पण त्याला आधी हा कागद घेतल्याची नोंद हवी."

"साहेब, एक विचारू? नाव बदललं तर माझा गुन्हा लपेल, अशी भीती आहे ना? मग तुम्ही त्यातच लिहा. छापूनच टाका राजपत्रात. चिमा भागोजी रेवाळे, हिने दिराची बोटं तोडली, तीन वर्षं शिक्षा भोगली. सगळं छापा. माझी हरकत नाही. मला तो गुन्हा सगुणेच्या नावावर नकोच आहे. तिने काही केलेलं नाही. मी केलंय."

दामल्यांच्या चष्म्यावर काचेच्या आतल्या बाजूला घामाचा थेंब होता. इतक्या वर्षांत त्यांच्या खिडकीवर कोणी शिक्षा मागायला आलं नसणार. "असं कुठे असतं का," ते हळू म्हणाले, आणि रुमालाने चष्मा पुसायला लागले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मी पेन उचललं आणि वहीत सही केली. शाळेत मास्तरांनी घोटून घेतलेलं अक्षर आहे माझं, आडवी रेघ एका दमात. चिमा भागोजी रेवाळे.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "ही सही नाही चालायची, बाई."

"माझी एवढीच आहे."

"कागद सगुणा महिपत मांडवकर ह्यांना द्यायचा आहे. सही त्यांची लागेल." मग जरा वाकून, मागच्यांना ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाले, "असं करा, सही राहू दे. अंगठा द्या. अंगठ्याला काही नाव नसतं. तुमचंही राहील, आमचंही काम होईल." त्यांनी शाईचा डबा पुढे सरकवला. माणूस वाईट नाही. मी अंगठा त्यांच्यापुढे धरला. काजूच्या डिकाने त्याच्यावर एक रेघ ठेवलेली नाही, गुळगुळीत आहे, लहान पोराच्या कपाळासारखा. त्यांना तो नीट दिसेपर्यंत धरला, मग मागे घेतला. "लिहिता येणाऱ्या बाईचा अंगठा घेऊ नका," मी म्हटलं. "मी सही केलीय. ती चालत नसेल तर कागद मला मिळालेला नाही. ज्यांचा आहे त्यांना द्या."

"अहो पण त्या म्हणजे तुम्हीच ना?"

"तेच तर अर्जात लिहिलं होतं, साहेब. तुम्ही नामंजूर केलंत."

रांगेतला कुणीतरी हसला. दामले हसले नाहीत. त्यांनी टेबलावरचा कागद उचलला, ठेवला, वहीतल्या माझ्या सहीवर बोट ठेवून बसले, जणू तिने उठून जाऊ नये. घाबरले होते मी, नाही कशाला म्हणू. सरकारी वहीत भलती सही केली म्हणून काय होतं ते मला माहीत नव्हतं. पण कोर्टात उभी राहिले तेव्हा जी स्वस्थता होती तीच आता गुडघ्यांपासून वर चढत होती. "पुकारा तुम्ही," मी म्हटलं. "असेल तर येईल ती." आणि मी खिडकी सोडून बाकावर येऊन बसले, खिळ्यापासून जरा सरकून.

दामल्यांनी वही स्वतःकडे फिरवून घेतली. मग शिपायाला खूण केली. शिपाई ओसरीपर्यंत गेला, कोर्टात पुकारतात तसा दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला, आणि आवाराच्या पार फाटकापर्यंत जाईल असं पुकारलं, "सगुणा महिपत मांडवकर." फाटकापाशी शहाळीवाला बसला होता, त्याने मान वळवून पाहिलं. शिपायाने पुन्हा पुकारलं. बाकावरच्या सगळ्यांनी दाराकडे पाहिलं, मीही पाहिलं. मला खरोखरच उत्सुकता होती. ती आली असती तर मी उठून तिला जागा दिली असती. तिसऱ्यांदा पुकारलं. दारातून एक कुत्रं तेवढं आत आलं आणि शिपायाच्या पायाशी बसलं.

खिडकीत दामले वहीवर वाकले होते. माझी सही त्यांनी खोडली नाही, हे मला बाकावरून दिसत होतं. तिच्याखाली ते काहीतरी लिहीत होते आणि लिहिताना ओठ हलवायची त्यांना सवय आहे. पुकारा केला. हजर नाही. मग कागदाची घडी घालून त्यांनी खणात टाकली आणि पुढचा नंबर हाकारला.

शेजारच्या म्हाताऱ्यांना खिडकीतलं बोलणं ऐकू गेलं नसावं, त्यांनी पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली. "लोक येत नायत आणि आपल्याला खोळंबा," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "तुमचं नाव नाय पुकारलं अजून?"

"नाय," मी म्हटलं. "माजं अजून नाय पुकारलं."